लीचेस: रॅपिड सुधारायचं असेल तर यातलं काय वापरायचं आणि काय सोडून द्यायचं

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशासाठी कापला ते खाली येईलच.

आधी एक सांगतो, लीचेस ही ऑनलाइन बुद्धिबळ खेळायची साइट फुकट आहे म्हणून चांगलं म्हणत नाहीये, चांगलं आहे आणि वर फुकट आहे. २०१० साली तिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने ही साइट सुरू केली, आता ती ना-नफा संस्था चालवते, सगळा कारभार देणग्यांवर, जाहिरात एकही नाही, प्रीमियम प्लॅन नाही, सोर्स कोड कुणीही उघडून बघावा. हे सगळं बऱ्याच जणांना माहितीच असेल. पण प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे ऑफिस, कॉलेज, घर सांभाळून दिवसाला एक-दोन रॅपिड (म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांचे) गेम खेळणाऱ्या आणि महिनोन् महिने त्याच शंभर पॉइंटात वरखाली करणाऱ्या माणसाला ही साइट खरंच सुधारते का? माझं उत्तर, सुधारते, पण आपणहून नाही. कारण ही साइट तुम्हाला काही म्हणजे काहीच करायला सांगत नाही. आजचा धडा घे, हा व्हिडिओ बघ, तुझी स्ट्रीक तुटतेय, असली कटकट अजिबात नाही. सगळी हत्यारं टेबलावर मांडून ठेवलीत आणि मालक आत निघून गेलाय. त्यामुळे निम्मी मंडळी बुलेटचं, म्हणजे एक-दोन मिनिटांच्या गेमचं, बटण दाबतात आणि दोन वर्षांनी म्हणतात की आपल्यात टॅलेंटच नाही.

पहिली गोष्ट टाइम कंट्रोल. होमपेजवर चौकोन दिसतात, १+० पासून ३०+२० पर्यंत (पहिला आकडा प्रत्येकाची मिनिटं, दुसरा दर चालीला मिळणारे जादा सेकंद, त्यालाच इन्क्रिमेंट म्हणतात), आणि रॅपिड म्हटलं की हात आपोआप १०+० वर जातो. गंमत बघा, फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या नियमात दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ब्लिट्झ, म्हणजे आपण ज्याला रॅपिड रॅपिड म्हणतो ते तिकडे ब्लिट्झमध्ये मोजतात. लीचेसचा हिशोब वेगळा आहे, सुरुवातीचा वेळ अधिक इन्क्रिमेंट गुणिले ४०, आणि उत्तर ८ ते २५ मिनिटांच्या मधे आलं की रॅपिड. या हिशोबात १०+० पण बसतं आणि १५+१० पण, आणि रेटिंग दोघांचं एकच. मग १५+१० का खेळू नये? वर्ल्ड रॅपिड चॅम्पियनशिपलाही हाच टाइम कंट्रोल असतो. १०+० मध्ये शेवटी काय होतं सगळ्यांना माहितीये, तुमच्याकडे एक हत्ती आणि दोन प्यादी जास्त आहेत, घड्याळात अकरा सेकंद आहेत, आणि समोरचा नुसता राजा फिरवत बसलाय. तिथे हरलात तर एंडगेमचं, म्हणजे शेवटच्या टप्प्याचं, काही शिकायला मिळत नाही, माउस चालवायचं शिकायला मिळतं. इन्क्रिमेंट असलं की निदान जिंकलेला गेम जिंकून दाखवावा लागतो, आणि ते जमत नसेल तर ते पण कळतं. जोडीदार मिळायला १०+० पेक्षा थोडी वाट बघावी लागते, बघा.

रेटिंगबद्दल थोडक्यात. इथे नवीन खातं १५०० पासून सुरू होतं आणि ग्लिको-२ नावाची रेटिंग मोजायची पद्धत आहे, सुरुवातीला आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं, तेव्हा दहा-वीस गेम होईपर्यंत तो आकडा मनावर घेऊ नका. दुसऱ्या साइटवरच्या आकड्याशी तुलना तर नकोच, खेळणारी माणसं वेगळी, सुरुवात वेगळी, तर आकडा वेगळा येणारच. आणि ज्यांना रेटिंग घसरलं की झोप लागत नाही त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये सगळ्यांची रेटिंग्ज लपवायची सोय आहे, शिवाय झेन मोड आहे ज्यात पट आणि घड्याळ सोडून जवळपास सगळं गायब होतं. समोर २१०० वाला आहे हे माहिती नसलं की माणूस बराच शहाण्यासारखा खेळतो.

आता खरी गोष्ट, गेम संपल्यानंतरची. इथे या साइटचा हात धरणारा कुणी नाही. कॉम्प्युटर ॲनालिसिस मागितलं की काही सेकंदात स्टॉकफिश नावाचं इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) अख्खा गेम तपासून देतं, आणि हे काम कंपनीच्या मोठ्या सर्व्हरवर होत असेल असं वाटतं तर तसं नाही, त्यातलं बरंचसं जगभरातले लोक आपापले कॉम्प्युटर फिशनेट नावाच्या व्यवस्थेला जोडून फुकटात करून देतात. मला ही गोष्ट भारी वाटते. तर ॲनालिसिसमध्ये तुमच्या चाली तीन प्रकारांत खुणावल्या जातात, किरकोळ चूक, चूक आणि ब्लंडर, म्हणजे घोडचूक. कौतुकाची खूण एकही नाही, आणि ते बरंच आहे, कारण काही ठिकाणी साध्या चालीला पण चमचमतं बक्षीस मिळतं आणि माणूस हरलेल्या गेमचे स्क्रीनशॉट मित्रांना पाठवत बसतो.

पण सगळ्यात जास्त नुकसान पण इथेच होतं. गेम संपला, बटण दाबलं, ग्राफ आला, दोन लाल ठिपके बघितले, "अरे हो, इथे वजीर गेला" म्हटलं, पुढचा गेम. याला ॲनालिसिस म्हणत नाहीत. आधी इंजिन बंद ठेवा, ते एका टॉगलने बंद होतं, आणि आपणच गेम पुढे सरकवत कुठे काय वाटत होतं ते चालींखाली लिहा, एक प्रायव्हेट स्टडी (साइटवरची आपली वहीच) उघडून त्यात गेम टाकला की कॉमेंटा लिहिता येतात आणि एका स्टडीत ६४ चॅप्टर मावतात, म्हणजे महिन्याभराचे गेम आरामात. मग इंजिन लावा. आणि मग "चुकांमधून शिका" हे बटण दाबा, जे लोक अजिबात दाबत नाहीत. ते तुम्हाला बरोबर त्या जागी नेऊन उभं करतं जिथे तुम्ही माती खाल्ली आणि विचारतं, आता सांग काय खेळशील. उत्तर लगेच दाखवत नाही. तुम्ही वेगळी पण चांगली चाल शोधलीत तरी चालवून घेतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते या साइटवर एकच गोष्ट वापरायची म्हटली तर ही.

दुसरी गोष्ट म्हणजे चालींच्या वेळेचा ग्राफ. ॲनालिसिसच्या पानावर पटाखाली टॅब आहे, प्रत्येक चालीला किती वेळ घेतला त्याचे उभे खांब, वर पांढऱ्याचे खाली काळ्याचे. रॅपिड सुधारायचं तर ओपनिंगच्या (सुरुवातीच्या चालींच्या) कोर्सपेक्षा हा ग्राफ जास्त बोलतो. एका मित्राचा १५+१० चा गेम बघत होतो, हा काळ्याकडून. बाराव्या चालीला त्याचा खांब एवढा उंच की बाकीचे खांब दिसेचनात, तीन मिनिटं विचार, कशाचा, तर कुठला हत्ती डी फाइलवर आणायचा (अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ). इंजिनच्या मते दोन्ही सारखेच. मग विसाव्या चालीच्या आसपास पांढऱ्याचा वजीर एच५ वर आला, उंट आधीपासून डी३ वर बसलेला, म्हणजे एच७ च्या प्याद्यावर दोघांची नजर, आणि याचा एफ६ वरचा घोडा कधीच बदलला गेलेला. घड्याळात नऊ मिनिटं शिल्लक. याने तीन सेकंदात ए८ चा हत्ती डी८ वर आणला, कारण तो "प्लॅन" होता. एच७ वर वजीर, मात. ग्राफमध्ये तो शेवटचा खांब दिसतसुद्धा नाही इतका बुटका आहे. आता याला कोणी सांगा की तुझी टॅक्टिक्स कच्ची आहेत, पटणार नाही, कारण हीच मात पझलमध्ये दिली तर तो झोपेत सोडवेल. त्याचा प्रॉब्लेम समोरच्याची चाल बघायचा आहे, आणि तो आकड्यात कुठे दिसत नाही, फक्त या खांबांत दिसतो.

आणि इथूनच पझलवर येतो. लीचेसची पझल्स लाखोंनी आहेत, अमर्याद, सगळी खऱ्या गेममधून काढलेली, साध्या पझलला घड्याळ नाही. छानच आहेत. पण पझल समोर आलं की तुम्हाला माहिती असतं इथे काहीतरी आहे, गेममध्ये कुणी खांद्यावर टकटक करत नाही की बाबा आता नीट बघ. म्हणून पझल रेटिंग २००० आणि रॅपिड १३०० असे नमुने ढिगाने सापडतात. ती दोन गणितंच वेगळी आहेत. उपाय साइटमध्येच आहे, थीममध्ये जाऊन नुसती बिनसंरक्षित सोंगटी, फोर्क (एकाच सोंगटीने दोघांवर हल्ला), पिन (मागच्या सोंगटीमुळे जागीच अडकलेली सोंगटी), दोन चालींत मात एवढंच घ्या, किंवा खेळाडूंच्या गेममधून काढलेली पझल्स असा पर्याय आहे तिथे आपलंच नाव टाका. स्वतःच्या गेममधलं पझल चुकलं की जरा जास्त लागतं. स्टॉर्म म्हणजे तीन मिनिटांत जमतील तेवढी, ते टाइमपास म्हणून ठीक, पॅटर्न डोळ्यात बसतात, पण रॅपिडवाल्याने त्याची सवय लावून घेऊ नये असं माझं मत आहे, पहिली दिसली ती चाल मारायची हीच तर आपली खोड असते.

ओपनिंग एक्सप्लोररसाठी, म्हणजे सुरुवातीला कोण कुठल्या चाली किती खेळतं ते दाखवणाऱ्या भागासाठी, वेगळी शाबासकी. यात मास्टर्सचे गेम एका टॅबमध्ये आणि लीचेसवरचे आपल्यासारख्यांचे गेम दुसऱ्या टॅबमध्ये. उदाहरण घ्या, ई४ ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४, घोडा एफ६, आणि पांढरा घोडा जी५ वर, एफ७ वर डबल हल्ला. काळा डी५, पांढऱ्याने प्यादं मारलं. आता मास्टर्सच्या टॅबमध्ये काळा बहुतेक वेळा घोडा ए५ खेळतो, उंटाला हुसकावतो. दुसऱ्या टॅबमध्ये फक्त रॅपिड आणि आपल्या आसपासची रेटिंग्ज ठेवा, मग बघा किती जण सरळ घोड्याने डी५ चं प्यादं परत घेतात आणि मग एफ७ वर घोडा पडतो, राजा बाहेर येतो, वजीर एफ३ वरून शह देतो, आणि घोडा वाचवायला राजा ई६ वर, पटाच्या मधोमध. तुम्हाला ज्यांच्याशी खेळायचंय ते काय खेळतात हे बघूनच ओपनिंगची तयारी करावी, ग्रँडमास्टरची अठरावी चाल पाठ करून तिथपर्यंत पोचणार कोण?

प्रॅक्टिस सेक्शन आहे, त्यात अपोझिशन, ल्युसेना, फिलिडोर अशा नावांचे हत्तीचे आणि प्याद्यांचे बेसिक एंडगेम इंजिनसमोर खेळून बघता येतात. एकदा करा, मग अधूनमधून परत करा, यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

बॉटशी खेळायचं तर स्टॉकफिशच्या लेव्हल आहेत, पण कमी लेव्हलचं स्टॉकफिश माणसासारखं चुकत नाही, दहा चाली राक्षसासारखा खेळतो आणि मग एकदम हत्ती फुकट देतो. त्यापेक्षा माया नावाचे बॉट शोधा, ते लीचेसवरच्याच माणसांच्या गेमवर शिकवलेत, माया१ साधारण ११०० वाल्यांच्या गेमवर, माया५ साधारण १५०० वाल्यांच्या. चुका करतात त्या पण आपल्यासारख्याच.

आता कापलेला अर्धा स्टार. इंजिन आकडा देतं, चाल देतं, पण का ते सांगत नाही. उणे १.४ (प्याद्यांत मोजलेला, काळ्याकडे झुकलेला फरक) म्हणजे नक्की काय बिघडलं, उंट कोंडला की सी फाइल गेली की राजाजवळची प्यादी सैल झाली, हे तुम्हालाच शोधायचं. थोडं खेळून झालेल्याला यात मजा येते, अगदी नवख्याला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. त्याला शेजारी एखादा जाणकार हवा, किंवा चांगलं पुस्तक. आणि कुठून सुरुवात करून कुठे जायचं असा रस्ता आखून दिलेला नाही, लर्न सेक्शन सोंगट्या कशा चालतात इथपासून शिकवतो आणि मग एकदम खुलं मैदान. ११०० च्या खालच्यांना मी याच्या जोडीला काहीतरी रस्ता दाखवणारं घ्या असं सांगेन, त्याच्या वरच्यांना दुसरं काही विकत घ्यायच्या आधी इथले "चुकांमधून शिका" आणि तो वेळेचा ग्राफ महिनाभर नेमाने वापरून बघा असं सांगेन. ॲनालिसिस करताना शक्य असेल तर फोन नको, मोठी स्क्रीन घ्या, पट, चालींची यादी आणि ग्राफ एकदम समोर असलं की तुलना पटकन होते.