टाकीच्या यंत्रासाठी ऊनो की ईएसपी३२?

भाच्याला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजणारं यंत्र करायचंय. अर्डुइनो ऊनो घ्यावा की ईएसपी३२ (दोन्ही प्रोग्राम करता येणारे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड), यावर त्याचं घोडं आठवडाभर अडलंय. माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून हे लिहितोय.

किमतीवर डोकं खपवू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ऊनोची नक्कल आणि ईएसपी३२ साधारण सारख्याच भावात मिळतात. अस्सल ऊनो मात्र बराच महाग पडतो.

ताकदीची तर तुलनाच नको. ऊनोत (आर३ आवृत्तीत) १६ मेगाहर्ट्झ वेग आणि २ केबी रॅम, तर ईएसपी३२ मध्ये २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, वर वायफाय आणि ब्लूटूथ अंगचंच.

खरी मेख व्होल्टेजमध्ये आहे. ऊनो ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी३२ च्या पिना ३.३ वर. पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर त्याच्या इको (म्हणजे उत्तराच्या) पिनवर ५ व्होल्ट सोडतो. ऊनोला ती वायर थेट जोडा, काही होत नाही. ईएसपी३२ ला मात्र ते ५ व्होल्ट ३.३ च्या आसपास उतरवायला मध्ये १ के आणि २ के (किलो-ओहम) रेझिस्टरची जोडी लागते. मी कंटाळा केला आणि एक बोर्ड घालवला.

शिवाय सॉकेटमध्ये खोचलेली मोठी चिप असलेल्या ऊनोत जळलेली चिप उपटून नवी बसवता येते. ईएसपी३२ गेला की गेला.

टाकी भरल्यावर नुसता बझर वाजवायचा असेल, किंवा सोल्डरिंग गन पहिल्यांदाच हातात धरत असाल, तर ऊनो. पातळी मोबाइलवर दिसायला हवी असेल आणि गच्चीपर्यंत वायफाय पोचत असेल, तर ईएसपी३२. भाच्याला मोबाइलवरच बघायचंय. रेझिस्टर माझ्या डब्यातून ने म्हटलं.