तालमीत आणि बॉक्सिंग हॉलमध्ये कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लेन्स

लढतीचे फोटो लांबून निघतात. रिंगच्या दोरांबाहेर किंवा मैदानाच्या कडेला बसून ७०-३०० एमएमची झूम लेन्स लावली की काम भागतं. लढतीआधीची तयारी टिपायची असेल तर त्या लेन्सचा काही उपयोग नाही. हाताला पट्टी गुंडाळणारी बोटं, दोन फेऱ्यांमधलं धापा टाकण्याचं एक मिनिट, वस्तादांचं बोलणं ऐकताना खाली गेलेली मान, हे सगळं घडतं ते बॅगा टांगलेल्या लहानशा हॉलमध्ये, नाहीतर हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला उरलेल्या चार फुटांत. तिथे मागे सरकायला जागाच नसते, आणि लांबून घेतलेला तो फोटो मनाला भिडतही नाही. सांगली-साताऱ्याकडे अशा कामासाठी कॅमेऱ्यासोबत किटमध्ये मिळणाऱ्या १८-५५ नंतर पहिली घेतली जाते ती कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. लग्न आणि प्री-वेडिंगच्या दृष्टीने तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय. इथे तिला फक्त तालमीत आणि बॉक्सिंग हॉलमध्ये जोखलं आहे.

लेन्स २०१५ सालची. वजन सुमारे १६० ग्रॅम, माउंट धातूचा, पुढे ४९ एमएमचा फिल्टर, अपर्चरला (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राला) सात पाती, जवळात जवळचा फोकस ३५ सेंटीमीटरवर. इमेज स्टॅबिलायझेशन नाही, धूळ-पाणी अडवणारं सील नाही. तिचा लहानपणा हाच तिचा पहिला गुण. दोन हातांवरून जाडजूड लेन्स रोखली की माणसाचे खांदे आपोआप ताठ होतात. ही समोर असली तर पैलवान थोड्या वेळात आपल्या मेहनतीला लागतो. तयारीच्या फोटोत हे शार्पनेसपेक्षा मोलाचं आहे.

मुख्य अडचण जागेची. आपल्याकडे हौशी लोकांकडे आणि लहान स्टुडिओंत कॅननच्या १५००डी, २००डी अशा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेरा बॉडी जास्त. त्यांच्यावर ५० एमएमचा दृश्यकोन फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) ८० एमएमइतका अरुंद होतो. दोन मीटरवर उभं राहिलं तर चौकटीत साधारण ९० बाय ६० सेंटीमीटर मावतं, म्हणजे डोकं, खांदे आणि छाती. पावणेसहा फुटी बॉक्सर पायांसकट, वर-खाली थोडी मोकळी जागा सोडून घ्यायचा तर साडेचार मीटर मागे जावं लागतं. बहुतेक ठिकाणी त्याआधीच आपली पाठ भिंतीला टेकते. शॅडो बॉक्सिंगच्या फोटोत पायांची ठेवण कापली गेली तर उरतो तो हवेत हात फिरवणारा माणूस. जोर मारणारा पैलवान आडवा पसरतो, तोही मावत नाही. फुल फ्रेम बॉडी असेल तर हेच अंतर पावणेतीन-तीन मीटरवर येतं आणि लेन्स खरोखर कामाची होते.

म्हणून क्रॉप बॉडीवाल्यांनी आधी कॅननचीच ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम घ्यावी आणि ५० नंतर, असं आमचं स्पष्ट मत आहे. २४ चपटी आहे, १२५ ग्रॅमची, १६ सेंटीमीटरपर्यंत फोकस करते. दोन मीटरवरून तिच्यात सुमारे १.८५ बाय १.२५ मीटर मावतं, त्यामुळे हौदा, पैलवान आणि मागची हनुमंताची तसबीर एकत्र येतात. प्रकाश सव्वा स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) कमी मिळतो, तेवढा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून भरून काढता येतो. भिंत मागे सरकवता येत नाही. एक जपायचं: २४ घेऊन चेहऱ्याच्या अर्ध्या मीटरवर गेलात तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चेहऱ्यासाठी ५० लावा.

जवळ जाण्याची ताकद पाहायची तर मुहम्मद अलीचे लढतीबाहेरचे फोटो बघावेत. छायाचित्रकार थॉमस होपकर यांनी १९६६ साली शिकागोत घेतलेल्या फोटोत अलीची उजवी मूठ चौकटीच्या तोंडाशी आहे, अगदी स्पष्ट, आणि मागचा चेहरा धूसर. गॉर्डन पार्क्स यांनी त्याच वर्षी 'लाइफ' नियतकालिकासाठी घेतलेल्या अलीच्या चेहऱ्यावर घामाचा थेंब न् थेंब मोजता येतो. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या डिअर लेकला अलीने स्वतःचा सराव तळ उभारला. लाकडी खोल्या, आवारात मोठमोठे धोंडे आणि त्यांवर थोर बॉक्सरांची रंगवलेली नावं. १९७४ साली आफ्रिकेतल्या किन्शासात तेव्हाच्या जगज्जेत्या जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडण्याआधीची त्याची सुरुवातीची तयारी इथली. फोटो काढणाऱ्यांना तिथे आत, जवळ, दिवसाच्या संथ वेळीही राहता आलं, आणि त्या फोटोंचं मोल त्यातच आहे.

होपकर यांचा मुठीचा फोटो ५० एमएमवाल्यांनी दुसऱ्या कारणासाठीही अभ्यासावा. मूठ आणि चेहरा यांतलं एकच काहीतरी स्पष्ट ठेवायचं, हे तिथे आधी ठरलेलं दिसतं. एफ/१.८ वर, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं असताना, हा निर्णय आपोआप होतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा. क्रॉप बॉडीवर दीड मीटरवरून १.८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम सहा सेंटीमीटर असते. २.८ ला साडेनऊ, ४ ला चौदाच्या आत. चेहरा थोडा वळलेला असला तर १.८ ला जवळचा डोळा मिळतो आणि पलीकडचा धूसर होतो. गार्ड वर धरलेला असेल तर ग्लोव्हज स्पष्ट आणि डोळे गेलेले, असे फोटो ढिगाने निघतात. चेहऱ्यासाठी २.८ वर राहा. १.८ हे आकडे दाखवायला छान आहे, तालमीत त्याची गरज क्वचित पडते.

पट्टी बांधण्याचे फोटो या लेन्सने सर्वांत सुंदर येतात, पण क्रम माहीत हवा. साडेचार मीटरची पट्टी असते. आधी अंगठ्यात फासा, मग मनगटाला तीनेक वेढे, पंजावर तीनेक, नंतर बोटांच्या बेचक्यांतून एकेक फेरा, अंगठ्याला एक, पुन्हा मुठीच्या गाठींवर, आणि शेवटी मनगटावर वेल्क्रो. प्रत्येक प्रशिक्षक यात थोडा फरक करतो. बेचक्यांतून पट्टी जाते तेव्हा बोटं फाकलेली असतात आणि पंजा सपाट असतो. त्या क्षणी कॅमेरा पंजाला समांतर धरा, कारण साठ सेंटीमीटरवरून एफ/४ ला सुद्धा स्पष्टता दोनच सेंटीमीटर खोल मिळते. दुसरा क्षण शेवटचा: पट्टी संपली की बॉक्सर मूठ आवळून ताण बघतो. त्याची नजर तिथे स्वतःच्या हातावर असते, कॅमेऱ्याकडे नसते. दोन्ही हातांचं मिळून काम पाच-सात मिनिटांत आटोपतं. डावा हात बांधताना अंतर आणि सेटिंग बसवून घ्या, उजव्या हाताला फोटो घ्या.

प्रकाशाचं गणित सरळ आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. पट्टी, विश्रांती, वस्तादांशी बोलणं यांसाठी १/१०० शटर ठेवलं की ही लुकलुक फोटोत येत नाही. एफ/२.८, आयएसओ १६०० पासून सुरुवात करा. पॅडवर ठोसे सुरू झाले की १/५०० तरी लागतं, मग एफ/२.२ आणि आयएसओ ३२००. इथे एक फोटो उजळ, पुढचा पिवळट-काळपट असा प्रकार होतो. बिघाड लेन्सचा नसतो, शटर लुकलुकीच्या कोणत्या टप्प्यावर उघडलं त्याचा तो परिणाम असतो. काही बॉडींत अँटी-फ्लिकर असतं, ते चालू करा. नसेल तर खिडकीच्या किंवा दाराच्या उजेडाकडे सरका. सकाळची मेहनत उजाडेपर्यंत चालत असेल तर शेवटचा अर्धा तास सगळ्यात चांगला. फ्लॅश नको. समोरून ठोसा येत असताना डोळ्यांत फ्लॅश गेला तर दुखापत होऊ शकते.

घामाने कपाळ आणि खांदे चमकतात आणि ती चमक एकदा पांढरीफटक झाली की परत येत नाही. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप अंडर, म्हणजे थोडं काळपट ठेवा, फोटो रॉ फाइलमध्येच काढा. लाल मातीच्या तालमीत ऑटो व्हाइट बॅलन्सवर विसंबू नका. चौकटभर लाल दिसल्यावर कॅमेरा ते कापायला जातो आणि अंगाचा रंग हिरवट-निळसर होतो. पांढऱ्या एलईडीखाली ६००० केल्विनच्या आसपास हाताने लावा आणि तिथेच ठेवा.

ऑटोफोकस या लेन्सचा मधला गुण, ना वाईट ना उत्तम. तिची एसटीएम मोटर शांत आहे. दोन मीटरवरून अंगावर चालून येणाऱ्या बॉक्सरच्या मागे ती धावते तेव्हा कमी पडते, कॅननच्या रिंग यूएसएम या वेगवान मोटरची चपळाई तिच्यात नाही. १५००डीच्या नऊ फोकस पॉइंटांपैकी फक्त मधला क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे. मंद उजेडात तोच वापरा आणि नंतर कडा कापा. मधल्या पॉइंटने फोकस धरून कॅमेरा वळवला तर जवळच्या अंतरावर डोळा सुटतो. हाताने फोकस करायचा तर शटर अर्धं दाबून कॅमेरा जागा ठेवावा लागतो, कारण फोकसची रिंग मोटरमार्फत चालते. जवळ फोकस करताना पुढची नळी बाहेर येते. बाहेर असताना ती बोटाने आत ढकलू नका.

तालमीतला खरा शत्रू माती. हौद्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं, त्यामुळे ती कोरड्या धुळीसारखी उडून जात नाही, काचेला चिकटते. पुढे यूव्ही फिल्टर कायम असू द्या. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी कापडावर द्रव घेऊन पुसा. गमछाने किंवा शर्टाच्या टोकाने पुसलं की वाळूचा कण कोटिंगवर ओरखडा काढतो. आत लेन्स बदलू नका, बाहेर येऊन बॉडीचं तोंड खाली धरून बदला. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला, आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर ठेवा, आणि आठवड्यातून एकदा लेन्स वापरा.

परवानगीशिवाय ही लेन्स निरर्थक आहे. चपला बाहेर, वस्तादांना आधी विचारून, त्यांनी सांगितल्याशिवाय हौद्यात पाय नाही. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी पालकांची लेखी संमती घ्या. वजनाचा आकडा, सूज, टाके, सरावातला डाव लढत होईपर्यंत कुठेही टाकायचा नाही. १९७४ ची किन्शासाची लढत सरावात फोरमनच्या डोळ्यावर झालेल्या जखमेमुळे २५ सप्टेंबरवरून ३० ऑक्टोबरला गेली. तयारीच्या खोलीत दिसणारी गोष्ट प्रतिस्पर्ध्याच्या किती कामाची असते, ते यावरून कळावं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. त्यांच्या या मुलखात मेहनतीचे जवळून घेतलेले फोटो अजून फार कमी आहेत. ते व्हायला हवेत, आणि ते विश्वासानेच होतील.

सेकंडहँड घेताना एसटीएम आणि तिच्या आधीची जुनी एफ/१.८ II यांत गल्लत होऊ देऊ नका. जुनीचा माउंट प्लास्टिकचा, फिल्टर ५२ एमएमचा, पाती पाच, जवळचा फोकस ४५ सेंटीमीटरवर, आणि मोटर शांत खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल इतकी घरघरते. पट्टीच्या फोटोंसाठी ती नको. दुकानात लेन्स कॅमेऱ्याला लावून जवळ-लांब फोकस दहा-बारा वेळा करून पाहा, पुढची नळी डगमगते का ते बघा, आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत जाळीसारखे धागे दिसतात का तपासा. धागे दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.