प्लायचा बॉक्स: फेविकॉल-स्क्रू की मिनीफिक्स?

18 मिमी प्लायच्या कपाटाचा किंवा किचन ट्रॉलीचा बॉक्स जोडायचा, तर घर स्वतःचं आहे की भाड्याचं, हे आधी बघा.

घर स्वतःचं असेल तर मी डोळे झाकून फेविकॉल आणि स्क्रू सांगेन. मात्र प्लायच्या कडेत स्क्रू सरळ घुसवला की थर फाकतात आणि बाजू फुगते. म्हणून 4 मिमीच्या स्क्रूला आधी 3 मिमीचं भोक हवंच, तेही जाडीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे पृष्ठभागापासून 9 मिमीवर. 50 मिमी लांबीचा स्क्रू चांगली पकड घेतो. जोडात फेविकॉल हवं ते उघड्या प्लायला. कडेला आधीच माइका चिकटवला असेल तर ते लाकडात मुरतच नाही. मिस्त्री घाईत असले की नेमकं हेच बघायचं राहून जातं. सुकल्यावर हा बॉक्स हलत नाही, पण सुटतही नाही.

भाड्याच्या घराला मिनीफिक्स, म्हणजे पुन्हा खोलता येणारा जोड: एका फळीत बोल्ट, दुसरीत 15 मिमीच्या भोकात गोल कॅम, म्हणजे फिरवली की बोल्टचं डोकं ओढून घेणारी चकती. स्क्रूड्रायव्हर अर्धा फेरा फिरवला की जोड आवळला. बदलीच्या नोकरीत हे वरदान आहे, फळ्या सुट्या करून टेम्पोत आडव्या टाकता येतात. पण भोक एक-दोन मिमी सरकलं तरी कडा जुळत नाहीत. त्यामुळे हे काम कारखान्यातल्या मशीनवर किंवा निदान जिग (भोकाची जागा पक्की ठरवणारा साचा) लावूनच करून घ्या. सोबत लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंट्या, घालायला सांगा, कॅम फक्त आवळतो, फळी जागेवर धरतो तो डॉवेल.