पॉइंट टू-टूच्या नळीतला हट्टी थर आणि फेल्टच्या बुचांचा संच

रायफलची नळी पुसायचे फेल्टचे बूच ही दिसायला अगदी किरकोळ वस्तू आहे. खडूच्या तुकड्याहून बारीक, पांढऱ्या लोकरीचा घट्ट दाबलेला तो एक तुकडा. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा एवढ्याशा गोष्टीसाठी इतके पैसे मोजावेत का, असे मलाही वाटले होते. जर्मनीतील गिंगेन या गावच्या व्हीएफजी कंपनीची ही बुचे, बूच रॉडला जोडणारा त्यांचा पितळी अडॅप्टर आणि एकसंध, प्लास्टिकचे आवरण असलेला रॉड असा संच मी दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या दुकानातून घेतला. (मुलांची प्रसिद्ध श्टाइफ अस्वलेही याच गावची, फेल्टचे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.) दोन पावसाळे हा संच वापरल्यानंतर त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले, कारण आपल्याकडे नेमबाजीतल्या साधनांवर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही आणि नवी मुले ऐकीव सल्ल्यांवर महागाच्या नळ्या खराब करून घेतात.

माझी रायफल ५० मीटरच्या स्पर्धेची, पॉइंट टू-टू बोअरची, म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या नळीची, दुसऱ्या हातची आहे. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच अंतरावर आणि याच बोअरच्या रायफलीने. या प्रकारात लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, त्यामुळे नळीत जराही फरक पडला तरी तो लक्ष्यावर लगेच दिसतो. वरळीच्या रेंजवर सराव करताना पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या एकत्र बसत आणि नंतर एखादी गोळी विनाकारण आठात जाई. मी आधी श्वासाला दोष दिला, मग ट्रिगरला, मग काडतुसांच्या खोक्याला. खरे कारण आमच्या जुन्या प्रशिक्षकांनी सांगितले. ते सैन्यातून निवृत्त झालेले आहेत आणि सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात. त्यांनी बोल्ट (नळी मागून बंद करणारा दट्ट्या) काढायला लावला, चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, रिकामे असल्याची स्वतः खात्री केली, रॉडला घट्ट चिंदी लावून तो मागच्या बाजूने आत सरकवायला सांगितला आणि एवढेच म्हणाले, “ताई, हाताला काय लागतंय ते बघा.” चेंबर संपल्यावर साधारण एक इंचभर रॉड अडखळत, खरखरत गेला आणि त्यापुढे लोण्यातून जावा तसा सुटला. त्या एका इंचात साचलेला कडक थर हेच माझ्या आठांचे कारण होते.

हा थर का साचतो, हे समजून घेतल्याशिवाय कोणत्याही साधनाची पारख करता येत नाही. पॉइंट टू-टूची स्पर्धेची गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची, उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा लेप असतो. काडतुसाच्या कडेत जे प्रायमरचे, म्हणजे ठोका बसताच दारू पेटवणारे, मिश्रण भरलेले असते त्यात पूर्वापार काचेची बारीक पूड घातली जाते. दारूची काजळी, वितळलेले मेण, शिशाचे कण आणि ही काच हे सगळे चेंबरच्या लगेच पुढे, जिथे उष्णता आणि दाब सर्वांत जास्त असतो तिथे, प्रत्येक गोळीगणिक भाजले जाते आणि शेवटी कढईच्या तळाशी धरलेल्या करपेसारखे कडक कडे तयार होते. स्पर्धेच्या चेंबरमध्ये गोळी भरतानाच तिचे टोक पुढच्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळांना, टेकते, त्यामुळे हे कडे गोळीला सुरुवातीलाच वाकडे वळण लावते. नळीच्या पुढच्या भागात साचते ते निराळे. तिथे शिशाची चंदेरी पट्टी धरते, आणि नळीला आतून गंजाचे खड्डे पडलेले असतील तर ती फारच लवकर धरते.

सुभेदारसाहेबांच्या भेटीनंतर मी लगेच फेल्ट घेतले असे नाही. आधी एका दुकानदाराच्या आग्रहाने नळीत फवारायचा फेस घेतला. फेस निळा झाला की मळ आहे आणि पांढरा राहिला की नळी स्वच्छ, असे त्याने ठामपणे सांगितले. माझ्या नळीतून तो शुभ्र पांढरा बाहेर आला आणि मी समाधानाने रायफल पेटीत ठेवली. नंतर कळले की तो निळा रंग तांब्याचा असतो. मोठ्या बोअरच्या, तांब्याचे कवच असलेल्या गोळ्यांसाठी ती खूण उपयोगी आहे. शिशाच्या आणि काजळीच्या थराबद्दल ती काहीच सांगत नाही. उलट पितळी टोक किंवा ब्राँझचा ब्रश त्या फेसात बुडाला तर स्वच्छ नळीतूनही निळी चिंदी निघते. पॉइंट टू-टूवाल्यांनी अमोनिया असलेल्या द्रावणांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ संचाकडे वळते. अडॅप्टरच्या आटे असलेल्या टोकावर बूच फिरवून बसवायचे, दोन थेंब द्रावण लावायचे आणि रॉड मागच्या बाजूनेच, बोअर गाइडमधून (रॉड नळीत सरळ नेणाऱ्या नळकांड्यातून) पुढे ढकलायचा. बूच नळीत शिरताना थोडे दाबले जाते आणि आट्यांच्या खोबणीत सर्व बाजूंनी सारखे बसते. चिंदीचे तसे होत नाही, ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहते. एनसीसीत आम्ही चार बाय दोनची चिंदी लावून पुल-थ्रू, म्हणजे नळीतून ओढायची दोरी, ओढत असू, तेव्हा ती पद्धत ठीक होती. पण दोरी दरवेळी तोंडाच्या एकाच कडेला घासत राहिली की क्राऊन, म्हणजे नळीच्या तोंडाची आतली कडा, झिजतो आणि स्पर्धेच्या रायफलीला ते परवडत नाही. बूच तोंडातून बाहेर आले की मी ते तिथेच काढते, मगच रॉड मागे घेते. पहिले बूच काळे-करडे येते, त्यावर बारीक चकाकणारे शिशाचे कण टोचलेले दिसतात; तिसरे चहाच्या डागासारखे पिवळट असते; पाचवे-सहावे जवळजवळ कोरे. रोजच्या सरावानंतरच्या सफाईला याहून चांगले साधन मला मिळालेले नाही.

मात्र करपलेले कडे केवळ फेल्टने निघत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. लोकर मऊ आहे, ती कडक थरावरून घसरून जाते. ते काम द्रावणाने आणि वेळेने होते. मी कार्बनसाठीचे द्रावण बुचाला भरपूर लावून ते पहिल्या दोन इंचांत नेऊन ठेवते आणि रायफल तोंड खाली करून तासभर तशीच राहू देते, म्हणजे द्रावण ट्रिगरमध्ये किंवा लाकडी दस्त्यात उतरत नाही. त्यानंतर ब्राँझचा ब्रश आठ-दहा वेळा सरळ पार नेते, मध्येच दिशा बदलत नाही, आणि लागलीच कोरे बूच घालते. पहिल्या खेपेला मला हे लागोपाठ तीन संध्याकाळी करावे लागले. तिसऱ्या दिवशी बुचावर काळ्या खपल्या आल्या, हाताला लागणारी खरखर थांबली आणि त्या वेळचा आनंद मला अजून आठवतो. याच कंपनीची पितळी तंतू विणलेली बुचेही मिळतात. ती साध्या बुचापेक्षा जोरात आणि ब्रशपेक्षा सौम्यपणे घासतात, म्हणून महिन्यातून एकदा मी तीच वापरते. जे-बीसारखी बारीक घर्षण-पेस्ट हा शेवटचा उपाय समजावा. ती बुचाला चोळून फक्त त्या एका इंचात, मोजून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली फिरवावी आणि मग तिचा कणही राहणार नाही इतकी नळी पुसून काढावी.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून शिसे विरघळवण्याचा उपाय कोणी सुचवला तर कृपा करून ऐकू नका. त्यातून शिशाचे विषारी क्षार तयार होतात आणि पोलादही खाल्ले जाते. आमच्या घरी लहान मूल आहे, म्हणून सगळी सफाई मी गॅलरीत, हातमोजे घालून, खाली वर्तमानपत्र पसरून करते. वापरलेली बुचे झाकणाच्या डब्यात जातात आणि ओट्याजवळ यातले काहीही येत नाही.

मुंबईत सफाईइतकेच महत्त्व नंतरच्या तेलाला आहे. समुद्राची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा कोरड्या, नुकत्याच स्वच्छ केलेल्या नळीला फार लवकर धरते, त्यातून खड्डे पडतात आणि त्याच खड्ड्यांत पुढे शिसे अडकते. म्हणून शेवटच्या बुचाला मी बॅलिस्टॉल लावते. हे तेल १९०४ पासूनचे आहे आणि लाकूड, चामडे, पोलाद तिन्हींना चालते. रायफल पेटीतल्या स्पंजमध्ये दाबून न ठेवता कपाटात उभी ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. नेम धरण्याआधी एक कोरे बूच फिरवून तेल काढायलाच हवे.

संचाबद्दल तक्रार म्हणाल तर एकच, बुचे संपतात फार लवकर आणि दुकानात पॉइंट टू-टूच्या मापाची नेहमी मिळतीलच असे नाही. मी वर्षाची एकदम घेऊन ठेवते. रॉड मात्र घेताना सपाट काचेवर फिरवून बघा. माझ्या हातात आलेला पहिला किंचित वाकलेला होता आणि दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. त्या तिसऱ्या संध्याकाळनंतर रेंजवर पहिल्या दहा-बारा गोळ्या इकडेतिकडे गेल्या, कारण कोऱ्या नळीला मेणाचा नवा हात बसावा लागतो. पुढच्या चाळीस गोळ्यांत आठ एकही नव्हता.