भाड्याचा पलंग, हवेची गादी आणि आमचे पलंगवाले भिया

अन्नपूर्णा रोडच्या आतल्या गल्लीत पेशंटचं सामान भाड्याने देणारं एक दुकान आहे. पाटी उन्हाने उडाली आहे, पावतीवरचा शिक्का पुसट उमटतो, त्यामुळे सुदामा नगरात दुकानदाराला सगळे नुसतं ‘पलंगवाले भिया’ (भिया म्हणजे इंदुरी ‘भैया’) म्हणतात. मीही तेच म्हणते. फाउलर पलंग (पाठ आणि गुडघे उचलता येणारा), हवेची गादी, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, वॉकर, ऑक्सिजनचं मशीन, सलाइनचा स्टँड, सगळं महिन्याच्या भाड्यावर मिळतं. सरत्या वर्षात मी त्यांची पक्की गिऱ्हाईक झाले. अशा दुकानाचं गिऱ्हाईक व्हायची वेळ कोणावर येऊ नये, पण आली तर कुठे जायचं ते ठाऊक असलेलं बरं.

आधी पैशांचं बोलू. दोन हँडलच्या पलंगाचे माझ्याकडून महिन्याला २,५०० रुपये घेतले, हवेच्या गादीचे ८००, डिपॉझिट ५,०००. याहून स्वस्त देणारेही इंदुरात आहेत. मी चौकशी केली होती.

सासूबाई गणपतीत बाथरूममध्ये पडल्या. वय ८४, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घरी सोडलं ते नेमकं अनंत चतुर्दशीला. बाहेरगावच्यांसाठी सांगते, त्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही गेल्या, पण कामगारांची झांकी अजून निघतेच. आख्खं शहर रस्त्यावर उतरतं आणि राजवाड्याकडचे रस्ते संध्याकाळपासूनच बंद. दोन दुकानांनी मला “कल सुबह देखते हैं” सांगितलं. ताज्या ऑपरेशनचा पेशंट काय रात्रभर दिवाणावर ठेवायचा? पलंगवाल्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “माताजी घर कितने बजे पहुँचेंगी?” त्यांचं गोदाम मल्हारगंजात, तिथून टेम्पो लांबून फिरवून आणला. आम्ही अँब्युलन्समधून उतरलो तेव्हा पलंग लागलेला होता, चाकांचे ब्रेक दाबलेले होते आणि टेम्पोवरचा पोरगा आमच्याच पायरीवर बसून कचोरी खात होता.

मला हे दुकान आवडलं ते मात्र दुसऱ्या दिवशी. पलंगवाले स्वतः आले, पलंग दाखवायला. वाटलं, पलंगात काय दाखवायचं? पायथ्याशी दोन हँडल असतात, एकाने पाठ उचलली जाते, दुसऱ्याने गुडघे. आपण काय करतो, जेवायला घालायचं म्हणून सरळ पाठीचं हँडल फिरवतो. मग म्हातारं माणूस घसरत घसरत पायथ्याशी जातं आणि आपण काखेत हात घालून त्याला परत वर ओढतो. त्या ओढण्यात पाठीची कातडी सोलवटते. पलंगवाल्यांनी आधी गुडघ्याचं हँडल फिरवलं, थोडंसंच, मग पाठ उचलली. सासूबाई जागच्या जागी उठून बसल्या. हॉस्पिटलात इतके दिवस काढले, पण ही गोष्ट आम्हाला तिथे कोणी सांगितली नव्हती.

हवेच्या गादीचंही तसंच. तिच्यात फुग्यांच्या दोन रांगा असतात. पंप काही मिनिटं एक रांग फुगवतो, मग ती सोडून दुसरी, म्हणजे शरीराचा एकच भाग सतत दाबला जात नाही. लोकांना वाटतं, गादी आणली की बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होणार नाही. “गादी के भरोसे मत रहना भाभीजी,” ते म्हणाले, “करवट तो आपको ही दिलवानी है, हर दो घंटे में.” आणि एक चाचणी शिकवली: पेशंट निजलेला असताना गादीच्या खालून, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळवा उताणा सरकवायचा. अंग हाताला टेकलेलं लागलं तर हवा कमी आहे, पंपाचं बटण वाढवायचं. मी रोज रात्री झोपण्याआधी हे करत असे. सासूबाई विचारायच्या, “काय गं, खाली काय शोधतेस? माझं सोनं तर केव्हाच वाटून झालंय.” टाचा, खुबे, माकडहाड, शेवटपर्यंत एक जखम झाली नाही. माझ्या नणंदेने त्याआधी हौसेने ऑनलाइन एक गादी मागवली होती. तिचा पंप आठवड्यात घरघरायला लागला आणि तक्रारीच्या नंबरावर गाणी ऐकण्यापलीकडे काही घडलं नाही. इथे पंप बंद पडला तर फोन केल्यावर संध्याकाळपर्यंत दुसरा यायचा.

दिवाळीच्या तोंडावर ग्वाल्हेरहून फोन आला. माझा दादा गेला. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. त्याच्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, तो माझा एकटीचा विषय आहे. पण जायचं तर सासूबाईंची कूस कोण बदलणार? हे एकटे, त्यांचेही गुडघे गेलेले. मी पलंगवाल्यांना फोन केला तो फक्त माहितीतली बाई आहे का विचारायला. तासाभरात एक अनुभवी बाई दारात उभी होती, आणि मी परत येईपर्यंत ते रोज संध्याकाळी दुकान बंद करून एक चक्कर मारून जायचे, तळवा सरकवून बघायचे. हे मला ह्यांच्याकडून कळलं. ते स्वतः एका शब्दाने बोलले नाहीत.

मार्गशीर्षात सासूबाईंची छाती भरली आणि ऑक्सिजनचं मशीन आणावं लागलं. ज्यांना सिलिंडर आणि मशीन एकच वाटतं त्यांच्यासाठी: मशीनमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो. ते खोलीतलीच हवा ओढतं, आतले झिओलाइटचे खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेला ऑक्सिजन, साधारण ९० ते ९५ टक्के शुद्ध, नळीतून येतो. म्हणून ते भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, मागची जाळी धुवायची, आणि वीज गेली की मशीन बंद, त्यामुळे एक छोटा सिलिंडर शेजारी हवाच. सिलिंडर त्यांनी आपणहून पाठवला. भाडं लावलं, फुकट नाही दिला, तेही बरोबरच आहे.

पंचाईत वेगळीच झाली. मार्गशीर्षातले गुरुवार, आणि सासूबाईंच्या खोलीतच देवघर. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही, हे पलंगवाल्यांनी हात जोडून सांगितलं. सासूबाई हटून बसल्या. साठ-पासष्ट वर्षांत घट मांडला नाही असा मार्गशीर्ष गेला नाही, आणि आता एका डब्यासाठी लक्ष्मीला अंधारात बसवायचं? मी बाजारातून सेलवरची पणती आणली तर म्हणाल्या, “लक्ष्मी काय सेलवर येते?” शेवटी भियांनीच तोड काढली. पलंग फिरवून दाराच्या समोर आणला, घट पार स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडायला लावला, आणि मधल्या हॉलमधून सासूबाईंना ज्योत दिसेल अशी पाठ उचलून दिली. त्या दिवशी त्यांनी प्रसादाचं केळंही खाल्लं नाही, घाई होती म्हणाले. दुसऱ्या गुरुवारी मात्र सासूबाईंनी त्यांना बसवूनच घेतलं.

संक्रांतीनंतर त्या गेल्या. शांतपणे, तिळगूळ वाटून झाल्यावर.

आणि तीनेक आठवड्यांत माझी लेक बाळंत झाली. सिझेरियन. इकडे तेराव्याची भांडी परत करायची राहिलेली आणि तिकडे डिंकाचे लाडू. पलंग अजून खोलीतच होता. टाके असलेल्या बाईला आडवं असताना उठून बसणं म्हणजे काय दिव्य असतं ते जिला माहीत तिलाच माहीत. लेक म्हणाली, “आई, मला आजीचाच पलंग दे.” घरात कुजबुज सुरू झाली. त्याच्यावर माणूस गेलंय, त्यावर बाळंतीण कशी निजवायची? जाऊबाई देवासहून मदतीला आल्या होत्या (आमचं बोलणं कैक वर्षं बंद होतं, ते या पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून सासूबाईंची कूस बदलताना सुरू झालं), त्यांनाही पटत नव्हतं. मी पलंगवाल्यांना विचारलं, दुसरा मिळेल का? म्हणाले, “ला दूँगा भाभीजी, पर वो भी किसी का उतरा हुआ ही होगा. नया मेरे पास एक भी नहीं है.”

यावर जाऊबाईच हसल्या. रेक्झिन बदललं, दांड्या डेटॉलच्या पाण्याने पुसल्या, आणि लेक तिथेच राहिली. आधी गुडघे, मग पाठ, हे आता घरात सगळ्यांना पाठ होतं. नात पहिल्यांदा नीट दूध प्यायली ती त्या पलंगावर, रात्री दोनला, जाऊबाई हँडलपाशी आणि मी उशी धरून. हे दारात उभे राहून विचारत होते, “प्यायली का? प्यायली का?”

भेटायला येणारे म्हणायचे, देवाने एक नेलं, एक दिलं, त्याचे उपकार माना. मला हा हिशेब मुळीच पटत नाही. दादाच्या जागी कोणी आलेलं नाही आणि नात कोणाच्या बदल्यात आलेली नाही. या सगळ्यात माझी सकाळची शिकवणीची बॅच सुटली ती सुटलीच, पोरं दुसरीकडे गेली. पण उपकार मानायचेच झाले तर मला आधी बारीकसारीक गोष्टी आठवतात: झांकीच्या रात्री आलेला टेम्पो, ग्वाल्हेरला गेले तेव्हाची ती संध्याकाळची चक्कर, दारासमोर फिरवलेला पलंग. देवाचा नंबर नंतर. त्याला राग आला तर सासूबाई आता तिकडेच आहेत, त्या बघून घेतील.

रंगपंचमीची गेर, म्हणजे आमच्याकडची रंगांची मिरवणूक, झाल्यावर पलंगवाल्यांनी पलंग परत नेला. हिशेबाला बसलो तर त्यांनी सासूबाई गेल्यानंतरचे तेरा दिवस भाड्यातून वगळलेले. मी म्हटलं, पलंग तर आमच्याकडेच होता, घ्या. “वो दिन मैं किसी से नहीं लेता.” पुढे बोलूच दिलं नाही. आणि त्याच कागदावर, त्याच पेनाने, फाटलेल्या रेक्झिनचे २०० रुपये डिपॉझिटमधून कापले. मला दोन्ही आवडलं.

आता तक्रारी. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, कितीही करा. पलंगाचा एक ब्रेक सैल होता, बदलून मिळाला पण दोनदा सांगावं लागलं. न वापरलेलं हँडल आत ढकललं नाही तर अंधारात नडगीला लागतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात, त्याबद्दल ते आधी सांगत नाहीत. रेक्झिनची गादी इंदूरच्या उन्हाळ्यात तापेल, वर जाड सुती चादर दुहेरी घाला. ऑक्सिजनचं मशीन रात्री आवाज करतं, त्यांच्याकडची दोन जुनी मशीनं तर फारच. नवं मागून घ्या, भाडं तेवढंच आहे. पक्की पावती हवी असेल तर पुन्हा पुन्हा मागावी लागते.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या दुपारच्या फोनसाठी कापला आहे आणि तो मी परत देणार नाही. सध्या ह्यांच्या गुडघ्यासाठी वॉकर तिथूनच आणला आहे, महिना १५० रुपये. पलंग मागवणार असाल तर तळमजल्याच्या वर राहता का ते आधीच सांगा. जिन्याचे पैसे टेम्पोवाला वेगळे मागतो आणि ते दारात पोहोचल्यावरच बोलतो.