जुन्या डब्यांची बार्शी लाईट: दिवाळी ते मृग

दिवाळीत पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुन्या मॉडेल रेल्वेचं खोकं घेतलं. वर एचओ मापाचे, म्हणजे 1:87 चे मालडबे आणि प्रवासी डबे. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले एन मापाचे, 1:160 चे डबे. निम्म्यांची कपलिंगं, म्हणजे डबे एकमेकांना जोडायचे आकडे, तुटलेली, काहींना चाकंच नाहीत. आता मृग लागलाय आणि त्यातलं बरंचसं सामान बार्शी लाईट या आमच्याकडच्या जुन्या अरुंद रुळाच्या रेल्वेचं मॉडेल होऊन लातूरच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत रोज संध्याकाळी पळतंय. माझ्या मते पैसे वसूल झाले, पण डबे म्हणून नाही, डब्यांचं सामान म्हणून.

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज 1676 मिमीचा. त्याला 87 ने भागलं तर 19 मिमीच्या वर जातो. एचओचा रूळ 16.5 मिमीचा, कारण तो परदेशी 1435 मिमीच्या गेजवर बेतलेला. लातूर-मुंबईची गाडी त्यावर उभी केली की रूळ अरुंद दिसणारच. पण बार्शी लाईटचा गेज होता अडीच फूट, म्हणजे 762 मिमी. भागून बघा: 8.76. एनचा रूळ 9 मिमी. एवढा फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही. म्हणजे एनचे रूळ आणि बोगी (आख्खा डबा नव्हे, त्याच्या खालचा चाकांचा सांगाडा) खाली, 1:87 ची बॉडी वर, की अरुंद रुळाची गाडी तयार. युरोपातले लोक याच जोडीला एचओई म्हणतात.

बार्शी लाईट एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची. 1897 ला सुरू झाली, लातूरला पोचली 1911 ला. त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर: एका एक्सलवर 5 टनांपेक्षा जास्त भार नको. मालडब्यांच्या सांगाड्याचं मापही एकच, 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद. मॉडेलमध्ये ते 88 मिमी आणि साडेचोवीस मिमी भरतं. करणाऱ्याच्या दृष्टीनं ही चैन आहे, एक चेसी जमली की सगळे डबे जमतात.

एनच्या डब्यांची मूळ बॉडी काढून टाकली. 50 फुटी डब्याचा तळ 95 मिमीचा असतो, तो मधून कापून 88 वर आणला. एचओच्या डब्यांची रुंदी 33 ते 35 मिमी, ती आख्खी बॉडी इथं बसत नाही. म्हणून त्यांच्या फक्त बाजूच्या भिंती घेतल्या, त्याही खालून तासून बुटक्या केल्या. छत आणि टोकं पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या पातळ शीटची. कापायला सराफ लाईनीत मिळते ती सोनाराची बारीक करवत आणि सुईकानशी. या कामासाठी आणलेल्या महागड्या परदेशी ब्लेडपेक्षा सोनाराची करवत सरस निघाली. खिळ्यांची डोकी दिसतात तशीच राहतात, भिंतीला चिरा जात नाहीत.

प्रवासी डबा तयार झाला तेव्हा शेजारचे मामा बघायला आले. रेल्वेतून रिटायर झालेले, लहानपणी लाईटनं पंढरीला गेलेले. डबा उचलून डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, ‘‘आरं, ही आपली लाईटच की! पर खिडक्यांला गज कुठायत?’’ बरोबर होतं. परदेशी डब्याला काच असते, आपल्या डब्याला आडवे गज. काचा काढल्या आणि वायरमधली तांब्याची एकेक तार ताणून सरळ करून प्रत्येक खिडकीला आतून चिकटवली. संयमाची परीक्षा बघणारं काम. पण एवढ्या खटाटोपात डबा ‘आपला’ कशानं झाला असेल तर त्या गजांनी. रंगानं सुद्धा नाही.

रंगाचं थोडक्यात. मालडब्यांना हार्डवेअरच्या दुकानातला टर्पेंटाइनवर चालणारा रेड ऑक्साइड पुरतो, हात मात्र पातळ मारायचा. गाड्या रंगवणाऱ्यांकडचा एनसी थिनर चुकूनही वापरू नका, पॉलिस्टायरीन विरघळतं.

आता महिनोन्‌महिने चालवल्यावर काय कळलं.

सगळ्यात जास्त त्रास दिला जुन्या प्लास्टिकच्या चाकांनी. आमच्याकडची धूळ सांगायला नको. ती प्लास्टिकवर चिकटते, तिचा काळा थर होतो, मग डबा डुलत चालतो आणि काट्यावर, म्हणजे रूळ बदलतो तिथं, घसरतो. जे एचओचे डबे न कापता तसेच ठेवले, त्यांना धातूची चाकं घातली आणि रुळावरून उतरणं जवळपास थांबलं. खर्च जुन्या डब्याच्या किमतीएवढाच आला, तो मनाची तयारी करून धरावा. एक्सलची लांबी कंपनीगणिक वेगळी असते, आधी जुना एक्सल मोजायचा. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओला साडेचौदा मिमीच्या आसपास हवं. मी लेथवाल्या मित्राच्या व्हर्नियरवर तपासतो.

दुसरं वजन. रिकामं प्लास्टिक वळणावर आडवं पडतं. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा हिशेब असा: एचओ डब्याला 1 औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, एनला अर्धा औंस आणि इंचाला 0.15. आमचा 88 मिमीचा डबा पहिल्या हिशेबानं 77 ग्रॅम व्हावा, दुसऱ्यानं 29. एनच्या इंजिनाला 77 ओढवत नाही. 40 ग्रॅमला गाडी छान चालते. त्यासाठी टायरच्या दुकानात बॅलन्सिंगला लावतात ती चिकटवजनं मागून आणली. तळाला आतून लावली की काम झालं.

बोगीचं प्लास्टिक हा वेगळाच प्रकार. बऱ्याच बोगी अॅसिटलच्या असतात, त्याला नेहमीचा कुठलाही डिंक धरत नाही. तुटली तर चिकटवण्याच्या नादी लागू नका, बारीक पिन आरपार घाला किंवा दुसरी शोधा. ज्या बॉडीला बोगीच मिळाली नाही ती स्टेशनाशेजारी जमिनीवर बसवून गँगमनची खोली केली. खऱ्या रेल्वेतही जुने डबे असेच कामाला लावतात.

एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर गेला की पत्र्याखाली भट्टीच असते. एक मीटर रूळ 20 अंशांनी तापला तर तो मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच वाढतो, पण त्याच वेळी प्लायवूड वाळून आक्रसतं आणि रूळ कमान टाकतो. सांध्यात फट ठेवाच. उन्हात वाकले ते जुने डबे नव्हेत, माझी नवी छतं. शीट 1 मिमीपेक्षा पातळ नको.

खटकतं ते एवढंच की एनची चाकं जेमतेम 5 मिमी, या मापात दीड फुटी, ती अंगाच्या मानानं बारीक दिसतात. कपलिंगही एनचंच ठेवलंय. मूळ गाडीला मधोमध एकच बफर असायचा, तो अजून जमलेला नाही. लाईटचं किटसन कंपनीचं 0-8-4 (मधे आठ मोठी, मागं चार छोटी चाकं) वाफेचं टँक इंजिनही व्हायचंय. सध्या जुन्या एन चेसीवरचं छोटं डिझेल गाडी ओढतंय, आणि मामा त्याला इंजिन मानत नाहीत.

कुणाला असं खोकं घ्यायचं असेल तर विकणाऱ्याकडून डब्यांचे खालून काढलेले फोटो मागवा. बॉडीवरचे ओरखडे, उडालेला रंग, तुटलेलं कपलिंग, यांकडे बघू नका. बोगी शाबूत आहेत का आणि आतली वजनं फुगलेली नाहीत ना, एवढंच बघा. जुनं जस्ताचं ओतकाम कधी कधी फुगतं, चिरतं आणि तळ वाकवतं. तसं दिसलं तर तो डबा फुकट मिळाला तरी फक्त भिंतींसाठी घ्या.