हॅबिट ट्रॅकर अ‍ॅपचा रिव्ह्यू: टिक भारी, स्ट्रीक डोक्याला ताप

बरेच महिने हे अ‍ॅप रोज वापरतेय त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. नाव टाकत नाहीये, कारण खाली थोडं वाईटपण लिहिलंय आणि तसंही या जातीची सगळी अ‍ॅप्स आतून सारखीच असतात. सवयींची यादी, प्रत्येकीसमोर एक गोल, गोल दाबला की रंग भरतो आणि बाजूचा आकडा एकने वाढतो, सलग किती दिवस जमलं त्याचा तो आकडा, म्हणजेच स्ट्रीक. बास. एवढ्यावर सवय लागते का म्हणाल तर निम्मं काम होतं, उरलेलं निम्मं अ‍ॅप स्वतःच बिघडवतं.

आधी चांगलं सांगते. नवीन सवय टाकताना नाव, रंग, आयकॉन वगैरे झालं की खाली "कशानंतर?" असा एक रकाना येतो. तिथे ऑप्शनल लिहिलंय म्हणून बहुतेक जण तो रिकामाच सोडत असणार, पण माझ्या मते अख्ख्या अ‍ॅपमध्ये कामाची गोष्ट हीच आहे. नुसतं "रोज कोर्स करायचा" टाकलं तर ते हवेत राहतं, रोज संध्याकाळी नव्याने ठरवत बसायचं की आत्ता करू का जरा वेळाने. तेच "ऑफिसचा लॅपटॉप बंद केला की त्याच खुर्चीत बसून कोर्सचा एक व्हिडिओ" असं टाकलं की ठरवायला काही उरतच नाही. पीटर गोलविट्झर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहे, त्याने हे "अमुक झालं की तमुक करायचं" प्रकरण नीट अभ्यासलंय. २००६ साली त्याने आणि पास्कल शीरनने मिळून ९४ चाचण्यांचे निकाल एकत्र करून बघितले, तर नुसता इरादा असण्यापेक्षा कधी, कुठे, कसं हे आधीच ठरवून ठेवलं की काम पार पडायचं प्रमाण बऱ्यापैकी वाढतं असं निघालं. त्यामुळे तो रकाना प्लीज भरा.

घड्याळाचे रिमाइंडर मात्र बंद करून टाका. सातचा रिमाइंडर लावला की सातला हमखास कुणाचा तरी फोन चालू असतो, मग अंगठ्याने नोटिफिकेशन उडवायची, आठवडाभरात अंगठा न बघताच उडवायला लागतो. म्हणजे सवय लागते हो, पण भलतीच.

आता ते २१ दिवसांचं चॅलेंज. एकविसाव्या दिवशी स्क्रीनवर रंगीत कागद उडतात, "अभिनंदन, सवय लागली!" असा बॅज मिळतो. काही लागलेली नसते. हा २१ चा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून आलाय, आणि त्याचं निरीक्षण काय होतं तर ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस तरी लागतात. पुढे लोकांनी त्यातला "किमान" गाळला आणि चेहरापण गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी खरंच मोजून बघितलं, ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने रोज करायची एक गोष्ट निवडलेली. ती आपोआप व्हायला लागायचा काळ सरासरी ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ दिवस आणि कुणाचा हिशोब पार २५४ पर्यंत गेलेला (अभ्यास तेवढा चाललाच नव्हता, आलेख पुढे ताणून काढलेला अंदाज आहे तो). गोष्ट साधी असेल तर लवकर, व्यायामाबियायामाला जास्त वेळ. म्हणजे एकविसाव्या दिवशी बॅज देऊन अ‍ॅप आपल्याला नेमकं चुकीच्या वेळी सैल सोडतं.

त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट होती, मधे एखादी खेप चुकली तरी सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. आणि इथेच माझं या अ‍ॅपशी वाजतं. एक दिवस चुकला की स्ट्रीक शून्य! आधीचे सगळे दिवस करड्या रंगात ढकलून वर मोठ्ठा ०. रात्री अकरा पन्नासला "तुमची स्ट्रीक धोक्यात आहे" म्हणून फोन वाजतो, आपण पांघरुणात, एक डोळा बंद, पुस्तकाचं अ‍ॅप उघडायचं, एक परिच्छेद वरवर बघायचा, परत येऊन "वाचन" वर टिक. आणि त्या टिकला तेवढेच रंगीत कागद उडतात जेवढे तासभर नीट वाचल्यावर उडतात. दहा दिवसांनी कॅलेंडर बघितलं तर सगळं हिरवंगार आणि डोक्यात काही राहिलेलं नाही.

यावर उपाय अ‍ॅपमध्येच आहे पण असा लपवलाय की विचारू नका. सवयीवर दाबून धरायचं, एडिट, मग "वारंवारता", तिथे "रोज" च्या जागी "आठवड्यातून ४ वेळा" करायचं. यानंतर मधला एखादा दिवस गेला तरी अ‍ॅप गप्प बसतं, रात्रीच्या धमक्यापण बंद होतात. हे डिफॉल्टलाच का नाही ठेवलं देव जाणे. म्हणजे कळतंय का ते, स्ट्रीकच्या भीतीने लोक रोज अ‍ॅप उघडतात ना.

फुकटवाल्या व्हर्जनमध्ये एका वेळी पाचच सवयी टाकता येतात आणि स्टोअरवरच्या रिव्ह्यूंमध्ये सगळे त्याच्याच नावाने रडतायत. मला विचाराल तर पाचपण जास्त आहेत. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःसाठी १३ गुणांची यादी केली होती, पण एका आठवड्याला मुख्य लक्ष एकाच गुणावर, १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार फेऱ्या. वहीत तो चुकलं की काळा ठिपका द्यायचा, जमलं की काही नाही, आपल्या अ‍ॅपच्या बरोबर उलट. पूर्ण सुधारलो नाही असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, पण प्रयत्नाने आधीपेक्षा बरा माणूस झालो असंही लिहिलंय.

"ध्येय" नावाचा जो टॅब आहे तो निव्वळ टाइमपास. "प्रमोशन" लिहा, तारीख टाका, एक पट्टी येते आणि ती आपणच बोटाने पुढे सरकवायची, मग ४० टक्के प्रमोशन झालं म्हणे. प्रमोशन बॉसच्या, बजेटच्या, दहा जणांच्या हातात असतं, त्याला टिक कुठून करणार? तो टॅब सोडा आणि साध्या यादीत "शुक्रवारी निघायच्या आधी या आठवड्याच्या कामाच्या तीन ओळी" अशी सवय टाका. टिकच्या खाली नोट लिहायची सोय आहे, तिथेच लिहायच्या. काय संपवलं, कुठे अडकलं, कुणाला मदत केली. अप्रेझलचा फॉर्म समोर येतो तेव्हा सगळे वर्षभराचे मेल उकरत बसतात, आपल्याकडे मुद्दे तारखेसकट तयार असतात. करिअरसाठी या अ‍ॅपचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

बाकी विजेट छान आहे, अ‍ॅप न उघडता होम स्क्रीनवरूनच टिक होते, त्यामुळे टिक करायला गेलो आणि रील्स बघत बसलो असं होत नाही. मित्रांशी स्पर्धावालं बोर्ड पहिल्या दिवशीच बंद करा.

माझे ५ पैकी साडेतीन. पेड घ्यायची गरज नाही, फक्त एक अडचण आहे, त्या नोट्स फाइल म्हणून बाहेर काढायची सोय पेडमध्येच दिलीये, म्हणजे आपणच लिहिलेलं आपल्यालाच विकतायत. मी दर महिन्याच्या शेवटी नोट्स कॉपी करून स्वतःलाच मेल करते, पाच मिनिटांचं काम आहे, आणि हो, तीपण सवय म्हणून यादीत टाकलीये.